वाऱ्याचे वजन

पुणे-नगर रस्त्याने आपण कधी ना कधी गेला असाल. नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण रस्ता लोकांच्या तोंडी अजून जुन्याच नावाने आहे. शिक्रापूर मागे पडले की थोड्या वेळाने रांजणगाव येते. रस्त्यालगत महागणपतीचे देऊळ, अष्टविनायकांपैकी एक; आणि तेथून शिरूरच्या बाजूला निघालो की औद्योगिक वसाहतीच्या मोठमोठ्या शेड लागतात. एप्रिल-मे महिन्यात या मुलखात दुपारी वारा सुटला म्हणजे नांगरलेल्या रानातली माती उठते आणि देऊळ, शेड, उसाचे ट्रॅक्टर, रस्त्यावरच्या मोटारी, सगळ्यांवर सारखीच बसते. या मातीची आठवण ठेवा. पुढे तिचे काम आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी अशीच धूळ खाल्लेली मोटार घेऊन दारात उभा राहिला. वसाहतीतल्या एका कारखान्यात तो कंत्राटावर कामाला आहे. दोन वर्षे पैसे साठवून त्याने जुनी फियाट लिनिया घेतली होती, त्यातलीही टी-जेट, म्हणजे टर्बोवाली. हातात एक खोके. खोक्यात तांबड्या कापडाचा, चुण्या-चुण्यांचा, उलट्या शंकूसारखा एक फिल्टर.

"सर, हा बसवला की दहा-पंधरा घोडे वाढतात, असं दुकानदार म्हणतो. आमचा मेस्त्री म्हणतो, अजिबात बसवू नको. आता तुम्हीच सांगा."

"अरे बाबा, मी पानिपत शिकवतो. फिल्टर नाही शिकवत!"

"पण सर, तुम्हीच वर्गात सांगायचा की नाही, कुठल्याही भांडणाचा निकाल लावायचा तर आधी ते भांडण कुठून सुरू झालं ते पाहावं?"

माझीच काठी माझ्या पाठीत बसली. मी त्याच्याकडून दहा दिवसांची मुदत मागून घेतली आणि शोधाला लागलो. त्या दहा दिवसांत जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे. मोटारीच्या शौकिनांपुरताच हा विषय आहे असे समजू नका. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे, विहिरीवर इंजिन आहे, त्याचाही यात तितकाच संबंध आहे.

प्रथम इंजिन खाते काय, ते पाहू. आपण म्हणतो, गाडी पेट्रोल खाते. हे अर्धे खरे आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाच्या ताटात भाकरी म्हणजे हवा, आणि पेट्रोल म्हणजे तिच्यासोबतची चिमूटभर चटणी! आमच्या या विद्यार्थ्याच्या मोटारीचे इंजिन 1368 घन सेंटीमीटरचे. ते मिनिटाला 6000 फेरे घेऊ लागले, तर टर्बोची मदत बाजूला ठेवली तरी, मिनिटाला चार हजार लिटरच्या वर हवा आत ओढू शकते. पंधरा लिटरची घागर धरली तर मिनिटाला अडीचशेहून जास्त घागरी झाल्या. त्या हवेचे वजन सव्वाचार किलोच्या आसपास, आणि तिच्याबरोबर जळणारे पेट्रोल जेमतेम तीनशे ग्रॅम.

यातली खरी ग्यानबाची मेख 'वजन' या शब्दात आहे. इंजिनाला हवा मापाने भरता येते, पण जाळ होतो तो वजनावर. आणि हवेचे वजन सगळीकडे सारखे नसते. समुद्रकाठी, पंधरा अंश उष्णतेला, एक घनमीटर हवा सव्वा किलोच्या जरा आत भरते. रांजणगाव समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच. तेथे मे महिन्यात पारा चाळीसवर गेला की तीच घनमीटर हवा सुमारे एक किलो पन्नास ग्रॅम भरते. म्हणजे इंजिनाने छाती तेवढीच फुगवली, पण पदरात शेकडा चौदा टक्के माल कमी पडला. थंडीतल्या पहाटे गाडी चांगली ओढते असे जे ड्रायव्हर लोक सांगतात, तो भास नव्हे. हे शास्त्र आहे.

तेव्हा इंजिनाची ताकद वाढवू पाहणाऱ्या प्रत्येक माणसापुढे पहिल्यापासून एकच प्रश्न उभा होता: जास्त वजनाची हवा आत कशी घालायची? आणि त्याला चिकटून दुसरा प्रश्न: त्या हवेबरोबर येणारी माती बाहेर कशी ठेवायची? हे दोन प्रश्न एकमेकांचे वैरी आहेत. चाळणी दाट केली तर हवा अडते, मोकळी केली तर माती शिरते. एअर फिल्टरचा सगळा इतिहास या भाऊबंदकीचा आहे.

सुरुवातीच्या मोटारींना चाळणी नव्हतीच. निकोलाउस ओटो याने 1876 साली चार फेऱ्यांचे इंजिन चालवून दाखवले, त्यानंतर कित्येक वर्षे इंजिने उघड्या तोंडाने श्वास घेत होती. शहरातल्या दगडी रस्त्यावर ते खपून गेले. फजिती झाली ती शेतात. ट्रॅक्टर हे यंत्रच असे की ते स्वतःच धूळ उडवते आणि स्वतःच ती गिळते. अमेरिकेत 1915 साली फ्रँक डोनाल्डसन नावाच्या ट्रॅक्टर विकणाऱ्या माणसाने धुळीने इंजिने निकामी होताना पाहिली आणि ट्रॅक्टरसाठी हवा गाळण्याचे साधन तयार केले. लक्षात घ्या, हवेच्या चाळणीची निकड पहिल्यांदा पटली ती शेतकऱ्याच्या दारात, शर्यतीच्या मैदानावर नव्हे. धुळीतले बारीक वाळूचे कण म्हणजे पॉलिशपेपरच. ते सिलिंडरच्या भिंतीला आणि पिस्टनच्या रिंगांना घासत राहतात. मग इंजिन ऑइल खाऊ लागते, निळा धूर सोडते आणि शेवटी मेस्त्री म्हणतो, "काम काढावं लागेल."

पुढे तेलाच्या भांड्यावरून हवा वळवून नेणारा एअर क्लीनर आला. आपल्यापैकी जुन्या जीपगाड्या आणि जुने ट्रॅक्टर ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना तो माहीत आहे. हवा जोराने खाली येते, तेलावर आपटून एकदम वर वळते. हवा वळते, पण मातीचा कण जड, त्याला वळता येत नाही. तो तेलात जाऊन पडतो. खाली गाळ बसतो. खडकीला 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली, आणि विहिरीवर इंजिन बसू लागले, तसतसे हे तेल-गाळाचे प्रकरण आपल्याकडे गावोगाव ओळखीचे झाले. कागदाच्या चुण्यांचा फिल्टर मोटारींत 1950 नंतर पसरला. तो बारीक कणही धरतो, हलका असतो, स्वस्त असतो. त्याचा एक गुण पुष्कळांना माहीत नसतो. तो थोडा मळला की जास्त चांगला गाळतो, कारण अडकलेली धूळच पुढच्या धुळीला अडवते. म्हणून दर आठवड्याला फिल्टर काढून दगडावर आपटणारे आपले ट्रॅक्टरवाले बंधू इंजिनाची सेवा करतात असे मुळीच नाही. आपटल्याने कागद फाटतो, बुडाचे रबर निसटते, आणि मग चाळणी असून नसल्यासारखी होते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू, म्हणजे हवा जास्त कशी घालायची. याचे उत्तर आपल्या गावच्या लोहाराला केव्हाच ठाऊक होते. कोळसे तेवढेच, भट्टी तेवढीच. पण भाता मारला की लोखंड पांढरे होते. घरातली फुंकणी तेच काम करते. इंजिनाला भाता लावण्याची कल्पनाही अशीच जुनी आहे. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी 1860 साली हवा ढकलणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. पुढे तोच भाता पट्ट्याने किंवा दातेरी चाकांनी इंजिनाला जोडला गेला. त्याला सुपरचार्जर म्हणतात. मर्सिडीजने 1921 मध्ये असा भाता लावलेल्या मोटारी लोकांसमोर मांडल्या.

यावरून इंग्लंडात एक भांडण झाले, ते ऐकण्यासारखे आहे. बेंटली कंपनीचा जनक डब्ल्यू. ओ. बेंटली याचा या भात्याला विरोध होता. ताकद हवी तर इंजिन मोठे करा, उगाच फुंकू नका, असे त्याचे म्हणणे. त्याचाच शर्यतपटू टिम बर्किन भात्याच्या बाजूचा. बर्किनच्या हट्टाने साडेचार लिटरच्या बेंटलीला सुपरचार्जर लागला. ताकद 110 अश्वशक्तीवरून 175 वर गेली, शर्यतीच्या गाडीत त्याहूनही वर. गाडी सुसाट होती, यात शंका नाही. पण 1930 च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत भात्याच्या बेंटली मध्येच थकल्या, आणि जिंकली ती भाता नसलेली, मोठ्या इंजिनाची बेंटलीच. वेग आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक मिनिट मोजले तर एक उत्तर येते, चोवीस तास मोजले तर दुसरे. आमच्या विद्यार्थ्याच्या खोक्यावर जे आकडे छापले होते, ते मिनिटाचे होते.

सुपरचार्जरचा एक दोष असा की तो इंजिनाच्याच पोटातले खाऊन चालतो. यावर तोड काढली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने. त्याचे पेटंट 1905 सालचे. त्याने पाहिले, की सायलेन्सरातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या तापलेल्या वायूत पुष्कळ जोर वाया जातो. त्या वाऱ्यावर एक भिंगरी फिरवायची, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी भिंगरी, आणि ती ताजी हवा आत ढकलणार. हाच टर्बो. ऊस पिळून उरलेल्या चिपाडावरच गुऱ्हाळाची कढई उकळवावी, तसा हा प्रकार आहे. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने 1918 साली विमानाचे एक इंजिन पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर, चार हजार मीटरांहून उंच, नेऊन तपासले. खाली सुमारे साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन वरच्या विरळ हवेत 230 च्या आसपास घसरले. टर्बो जोडताच ते पुन्हा साडेतीनशेच्या वर आले. पेट्रोल तेच, इंजिन तेच. वाढले ते फक्त वाऱ्याचे वजन.

टर्बो हे परदेशी, नवलाईचे यंत्र आहे, असे आपल्याला वाटेल. पण दौंडच्या लोकांनी तो सबंध आयुष्यभर पाहिला आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 सालचा. त्यावर वाफेची इंजिने गेली आणि डिझेलची आली; 1962 पासून भारतात आलेले डब्ल्यू.डी.एम.-2 हे 2600 अश्वशक्तीचे, सोळा सिलिंडरचे इंजिन टर्बोचेच. विजेच्या तारा येण्यापूर्वी मालगाड्या यानेही ओढल्या. गाडी सुटताना ते इंजिन आभाळात काळा लोट सोडायचे, आणि मग वेग आला की धूर निवळायचा, हे आठवते ना? त्याचे कारण असे, की ड्रायव्हरने हँडल वाढवले की डिझेल लगेच जास्त पडते, पण टर्बोची भिंगरी वेग घ्यायला थोडा वेळ लावते. तोपर्यंत चटणी जास्त, भाकरी कमी. न जळलेले डिझेल काजळी होऊन बाहेर पडते. शर्यतीच्या मोटारीचे शौकीन ज्याला टर्बोची सुस्ती म्हणतात, ती दौंडच्या फलाटावर चहा विकणाऱ्या पोरालाही दिसत होती.

आता धूळ आणि वेग यांची समोरासमोर गाठ कुठे पडली, ते सांगतो. इतिहासाचा माणूस असल्यामुळे हा भाग मला सर्वांत आवडला. दुसऱ्या महायुद्धात 1942 च्या सुमारास इंग्रजांची स्पिटफायर विमाने उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढत होती. हे विमान वेगासाठी नावाजलेले, पण तेथली वाळू त्याच्या इंजिनाला खाऊ लागली. म्हणून नाकाखाली व्होक्स नावाचा मोठा फिल्टर बसवला. इंजिने वाचली, पण विमानाच्या हनुवटीला जणू गलगंड झाला. हवेचा अडथळा वाढून ताशी दहा-एक मैल वेग गेला. आकाशातल्या झुंजीत दहा मैल म्हणजे जीव की मरण. वैमानिक कुरकुरू लागले. फिल्टर काढावा तर इंजिन थोड्याच दिवसांत झिजणार. तेव्हा इजिप्तमध्ये अबुकीर येथल्या विमान-दुरुस्तीच्या कारखान्यात तिथल्या कामगारांनी लहान, सुबक फिल्टर बनवला. तो मूळ फिल्टरपेक्षा खूपच कमी अडथळा करी आणि वाळूही अडवी. नंतरच्या स्पिटफायरमध्ये फिल्टर हवेच्या नळीतच बसवला गेला. जमिनीजवळच्या धुळीत हवा गाळून घ्यावी आणि वर स्वच्छ आभाळात ती सरळ आत सोडावी, अशी सोय करण्यात आली.

यात शिकण्यासारखे काय, तर जीवावर बेतलेले असतानाही त्या लोकांनी फिल्टर काढून टाकला नाही. त्यांनी फिल्टरची जागा, आकार, नळी यांचा विचार केला. अक्कल लढवली ती तिथे.

असो. आता परत रांजणगावला येऊ. महाराष्ट्रात फियाट मोटार पहिल्यांदा घडू लागली ती कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीत. तिथली पद्मिनी आपण मुंबईत टॅक्सी म्हणून पाहिली आहे. इंजिन 1089 घन सेंटीमीटर, ताकद चाळीस-बेचाळीस अश्वशक्ती. पुढे फियाटचा कारखाना रांजणगावला उभा राहिला, 2007 च्या सुमारास तो टाटांच्या भागीदारीत आला, आणि 2009 साली तिथून लिनिया बाहेर पडली. आता माझ्या विषयाचा गाभा आला. रांजणगावातून बाहेर पडलेल्या गाड्यांत 1368 घन सेंटीमीटरचे पेट्रोल इंजिन निरनिराळ्या रूपांत बसवलेले होते. साधी लिनिया, टर्बो नसलेली, 90 अश्वशक्ती. 2010 साली आलेली लिनिया टी-जेट, टर्बोवाली, 114. 2015 ची अबार्थ पुंटो, 145. आणि 2017 पासून जीप कंपास, त्यातल्या पेट्रोल गाडीत हवा घेणाऱ्या झडपांची उघडझाप तेलाच्या दाबाने हवी तशी बदलणारी योजना. ती 160 च्या वर. पोट सगळ्यांचे तेवढेच, 1368! फरक श्वासाचा.

अश्वशक्तीपेक्षाही ओढ पाहा. गाडी चढाला किंवा भरल्या बैठकीला कशी ओढते, ते पिळाच्या जोरावर ठरते. त्याचे माप न्यूटन-मीटर. साध्या लिनियात तो 115, टी-जेटमध्ये 207. जवळजवळ दुप्पट. ज्या बाजारू फिल्टरने दहा-पंधरा घोडे वाढतात म्हणतात, त्याची आणि या फरकाची तुलनाच नको. डिझेलचीही तीच गोष्ट. रांजणगावचे 1248 घन सेंटीमीटरचे मल्टिजेट इंजिन साध्या टर्बोने 75 च्या आसपास अश्वशक्ती देत होते, आणि टर्बोची पाती गरजेप्रमाणे तोंड फिरवणारी केली तेव्हा 90 च्या आसपास. प्रदूषणाचे भारत स्टेज सहाचे नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले. त्यापूर्वीच फियाटच्या नावाच्या मोटारी आणि हे डिझेल इंजिन तिथे थांबले. कंपासचे पेट्रोल इंजिनही 2023 पर्यंत गेले. कारखाना मात्र चालू आहे, टाटा आणि जीपच्या गाड्या तिथून निघतात.

टर्बो हवा दाबतो, हे झाले. पण दाबलेली हवा तापते. सायकलला पंपाने हवा भरताना नळी कशी चटका देते, आठवा. चाळीस अंशांची हवा टर्बोने दाबली की ती शंभर अंशांच्या पुढे जाते. आणि तापली की विरळ होते. म्हणजे एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये रेडिएटरसारखी एक जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात. समोरून येणाऱ्या वाऱ्यावर ती आतली हवा निववते. शर्यतवाले लोक यात पैसा घालतात तो उगीच नाही.

आता त्या खोक्याचा न्याय करू. कंपनीच्या डबीतच मावणारा, कागदाऐवजी तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर, हा पहिला प्रकार. अशा फिल्टरांचा कारखाना 1969 साली कॅलिफोर्नियात केन जॉन्सन आणि नॉर्म मॅक्डोनाल्ड यांनी काढला, तो मोटारसायकलच्या शर्यतींच्या निमित्ताने. हा धुऊन पुन्हा वापरता येतो. हवा जरा मोकळी जाते, हे खरे. पण कंपनीचा स्वच्छ कागदी फिल्टर मुळात अडवतोच किती? अगदी पुऱ्या जोरात, नळी-डबीसह, तो अडथळा बहुधा दोन-चार टक्क्यांचा. त्यातला थोडासा वाचेल. टर्बोच्या गाडीत तर तेही कठीण, कारण आत किती दाब द्यायचा हे गाडीतला संगणक ठरवतो. हवा थोडी मोकळी मिळाली तर टर्बोचे कष्ट कमी होतील, दाब वाढेलच असे नाही. शिवाय तेल जास्त लावले तर काही गाड्यांत हवा मोजणाऱ्या तारेवर ते बसते आणि गाडी अडखळू लागते.

दुसरा प्रकार आमच्या विद्यार्थ्याचा. डबी काढून टाकायची आणि बॉनेटखाली उघडा शंकू बसवायचा. येथे मात्र मी मेस्त्रीच्या बाजूने आहे. डबीची नळी कंपनीने बाहेरची हवा घ्यायला पुढे काढलेली असते. उघडा शंकू बॉनेटखालची, इंजिनाने तापलेली हवा ओढतो. ती सत्तर अंश असेल तर चाळीस अंशांच्या हवेपेक्षा वजनाला नऊ टक्के हलकी. दोन टक्के मिळवायला नऊ टक्के घालवले! मग लोकांना गाडी जोरात वाटते ती का? आवाजामुळे. इंजिनाचा श्वास मोठ्याने ऐकू येतो आणि माणूस खूश होतो. तिसरा प्रकार या दोषावर काढलेला, लांब नळीने बंपरजवळची थंड हवा घेणारा. विचार बरोबर आहे. पण पुष्कळ गाड्यांत तेच काम कंपनीची नळी करत असते, आणि नळी फार खाली गेली तर पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर पाणी ओढले जाते. इंजिनात पाणी शिरले की काय होते ते सांगायला नको.

आणखी एक. फिल्टर तपासताना तीन गोष्टी मोजायच्या असतात: हवा किती अडते, धूळ किती अडते, आणि तुंबण्याआधी फिल्टर किती धूळ पोटात घेतो. जाहिरातीत बहुधा पहिलीच गोष्ट छापतात. शिरूर-दौंडच्या माणसाने आधी दुसरी आणि तिसरी विचारावी. टर्बोची भिंगरी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते, आणि त्या वेगात वाळूचा बारीक कणही तिच्या पात्याची कड खातो.

हे सगळे जुळवून मी दहाव्या दिवशी त्या विद्यार्थ्याला निरोप धाडला. तो आला, पण पोराने वाट पाहिली नव्हती. फिल्टर बसवून झाला होता.

"सर, आवाज ऐका नुसता!"

आवाज खरोखर झकास होता. आम्ही शिरूरपर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर मी त्याला फिल्टरमागची नळी सोडायला सांगितली आणि आत बोट फिरवायला सांगितले. बोटाला पिठासारखी तांबूस माती लागली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीकडे गाडी गेली, तेव्हा कळले की शंकूच्या बुडाचा पट्टा नीट बसलाच नव्हता, बाजूच्या फटीतून हवा जात होती. म्हणजे सगळा दोष फिल्टरच्या कापडाचा होता असेही नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मेस्त्रीने जुनी डबी परत चढवली, आत नवा कागदी फिल्टर घातला, आणि जाता जाता बंपरच्या आडची इंटरकूलरची जाळी पाहिली. आधीच्या मालकाच्या काळापासूनचा वाळका चिखल, कुसळे आणि किडे यांनी ती निम्मी बुजली होती. त्याने ती हलक्या धारेने, दोन बादल्या पाण्यात धुऊन काढली.

"सर, आता ओढते," असा त्याचा फोन आला. तो तांबडा शंकू दुकानदाराने परत घेतला नाही. त्याच्या धाकट्या बहिणीने तो उलटा करून टेबलावर ठेवला आहे आणि त्यात पेने, पट्टी नि कर्कटक ठेवते.